लेकराची पहिली एटीव्ही : इंजिन नंतर, आधी ब्रेक!

(तृतीय वर्ष, यंत्र अभियांत्रिकी)

मित्रांनो, इंजिनिअरिंगला ॲडमिशन मिळाली की घरच्यांच्या दृष्टीने आपण सर्वज्ञ होतो. मिक्सर बंद पडला, विचार त्याला. बोअरची मोटर पाणी उचलत नाही, विचार त्याला. ब्रँच सिव्हिल आहे की कॉम्प्युटर, याच्याशी कोणाला काही घेणंदेणं नसतं. "तू इंजिनेर हायेस ना, मंग सांग!" एवढ्यावर विषय संपतो.

मागच्या वर्षी असाच एक प्रश्न माझ्याकडे आला, आणि तो मिक्सरइतका सोपा नव्हता. माझे मामाजी अकोट तालुक्यात राहतात, शेती बरी आहे. त्यांच्या दहा वर्षांच्या मुलाने कुठल्याशा रिसॉर्टवर चार जाड चाकांची ती छोटी गाडी चालवली आणि घरी येऊन हट्ट धरला. मामाजींचा फोन आला, "भाच्या, ते एटीव्ही का काय म्हणतात ते पोट्ट्यासाठी घ्याचं हाय. कोणती चांगली, सांग." प्रश्न एका ओळीचा होता, पण उत्तर शोधायला माझे दोन महिने गेले. त्या अभ्यासातून जे हाती लागलं ते इथे मांडतो आहे. आज ना उद्या हा प्रश्न तुमच्याकडे येईल, किंवा आपल्या स्टाफपैकी कोणाच्या घरी मुलगा-मुलगी हट्ट धरेल, तेव्हा उपयोगी पडेल.

एटीव्ही म्हणजे नेमकं काय?

आपल्या वर्कशॉपमध्ये एटीव्ही म्हटलं की डोळ्यांपुढे येते ती बाहाची गाडी. बाहा एसएईइंडिया ही स्पर्धा २००७ साली सुरू झाली आणि इंदूरजवळच्या पीथमपूरमुळे आपल्यापैकी अनेकांना माहीत झाली. त्या गाडीला पाइपांचा रोल केज असतो, चालक सीटमध्ये बसतो आणि पट्ट्यांनी बांधलेला असतो. गाडी उलटली तरी केज जमिनीवर आपटतो, डोकं नाही.

लेकरांसाठी विकली जाते ती एटीव्ही, म्हणजे क्वाड बाइक, ही वेगळी चीज आहे. तिच्यावर घोड्यासारखं टांग टाकून बसायचं, हातात हँडल, अंगठ्याने थ्रॉटल दाबायचा. वर केज नाही, पट्टा नाही. चार चाकं दिसतात म्हणून लोकांना ती सायकलपेक्षा सुरक्षित वाटते. खरा घोटाळा इथेच होतो. दुचाकी पडली तर माणूस बाजूला फेकला जातो. क्वाड उलटली तर ती बहुधा चालकाच्या अंगावर येते. मुलांच्या क्वाडचं वजनही ऐंशी-शंभर किलोच्या घरात असतं. म्हणजे तीस किलोच्या लेकराच्या छातीवर एक क्विंटल तूर! हे चित्र डोळ्यांसमोर ठेवूनच पुढचं वाचा.

याचा इतिहासही बोलका आहे. होंडाने १९७० मध्ये अमेरिकेत पहिली तीनचाकी एटीव्ही आणली. ती खूप खपली, मुलांच्याही हाती गेली आणि अपघातही तसेच झाले. शेवटी १९८८ मध्ये तिथल्या सरकारशी झालेल्या समझोत्यात मोठ्या कंपन्यांनी तीनचाकीची विक्री थांबवली. पुढे २००८ च्या कायद्याने तिथे नव्या तीनचाकीची आयात-विक्री बंद झाली आणि चारचाकीसाठी सुरक्षेचे निकष सक्तीचे झाले. मुलांच्या गाड्यांचे वयानुसार गट त्याच निकषांत आहेत. ते पुढे येतीलच.

आधी जागा, मग गाडी

मामाजींना मी पहिला प्रश्न विचारला, "चालवणार कुठे?" ते म्हणाले, "कुठे म्हणजे? घरून वावरापर्यंत." इथेच थांबावं लागलं.

आपल्याकडे विकल्या जाणाऱ्या मुलांच्या क्वाडला रस्त्यावर चालवण्याची मंजुरी नसते. तिची आरटीओकडे नोंदणी होत नाही, नंबर प्लेट मिळत नाही. पोलारिस कंपनीने २०१८ मध्ये आपली एक मोठी एटीव्ही भारतात रस्त्यावर चालेल अशी आणली, पण त्यासाठी ती चक्क 'ट्रॅक्टर' म्हणून मंजूर करून घ्यावी लागली. यावरून काय ते समजा.

दुसरं म्हणजे वय. मोटार वाहन कायदा १९८८ प्रमाणे सार्वजनिक जागी वाहन चालवायला १८ वर्षं पूर्ण लागतात. ५० सीसीपर्यंतच्या मोटारसायकलला १६ वर्षांची सवलत आहे. त्यावरून काही जण 'पन्नास सीसी लहान मुलांना चालते' असा सोयीचा अर्थ काढतात. ते चूक आहे. ती सवलत दहा वर्षांच्या मुलाला नाही आणि क्वाडलाही नाही.

सार्वजनिक जागा म्हणजे फक्त डांबरी रस्ता असंही नाही. जिथे लोकांना जाण्यायेण्याचा हक्क आहे ती प्रत्येक जागा त्यात येते. म्हणजे गावाची पांदणसुद्धा आली! २०१९ च्या दुरुस्तीने कलम १९९-अ आलं. अल्पवयीन मुलाने गुन्हा केला तर पालक किंवा गाडीमालक दोषी धरला जातो. तीन वर्षांपर्यंत कैद, २५ हजार रुपये दंड, गाडीची नोंदणी बारा महिने रद्द, आणि त्या मुलाला पंचविशीपर्यंत लायसन्स नाही.

कायद्याची भीती घालायची म्हणून हे सांगत नाही. रस्त्यावर क्वाड का नको याचं कारण यंत्रशास्त्रात आहे, आणि ते आपल्याला तरी समजायलाच हवं.

पलटी का होते? थोडं गणित

उदाहरणासाठी साधे आकडे घेऊ. क्वाड ९० किलो, तिचा गुरुत्वमध्य जमिनीपासून ३३ सेंमी. मुलगा ३० किलो, बसल्यावर त्याचा गुरुत्वमध्य ७५ सेंमी. डाव्या-उजव्या चाकांच्या मध्यांतील अंतर ६५ सेंमी.

दोघांचा मिळून गुरुत्वमध्य = (९० × ३३ + ३० × ७५) ÷ १२० = ४३.५ सेंमी.

आता चाकांतलं अंतर भागिले गुरुत्वमध्याच्या उंचीची दुप्पट : ६५ ÷ ८७ = साधारण ०.७५. हा आकडा म्हणजे गाडीचं स्थैर्य. घर्षण गुणांक यापेक्षा कमी असेल तर वळणावर गाडी आधी घसरते. जास्त असेल तर घसरायच्या आधीच उलटते.

आता बघा गंमत. भुसभुशीत मातीवर घर्षण गुणांक ०.५ च्या आसपास धरला तर गाडी घसरेल, मुलगा घाबरेल, पण चारही चाकं जमिनीवर राहतील. कोरड्या डांबरावर हा गुणांक ०.७५ च्या वर जातो. तिथे तीच गाडी, तोच मुलगा, तोच वेग, आणि सरळ पलटी! म्हणजे गुळगुळीत रस्ता क्वाडसाठी शेतापेक्षा जास्त धोक्याचा. त्यात बहुतेक छोट्या क्वाडला मागे सॉलिड ॲक्सल असतो, डिफरन्शियल नसतं. वळताना आतलं चाक कमी फिरायला हवं, पण दोन्ही सारखीच फिरतात. मातीत ते चाक घसरून निभावतं. डांबरावर ते पकड सोडत नाही, गाडी सरळच जाऊ बघते. मग मुलगा हँडल आणखी जोराने वळवतो आणि मग ती एकदम वळते.

पाच मीटर त्रिज्येच्या वळणावर ०.७५ स्थैर्याच्या गाडीची उलटण्याची मर्यादा येते ताशी जवळपास २२ किलोमीटर. टायर दबतात, जमिनीला उंचवटे असतात, म्हणून प्रत्यक्षात याहूनही कमी.

आता मागे ६५ किलोचा काका बसवा, "मी धरून बसतो ना" म्हणत. गुरुत्वमध्य चढतो ५८ सेंमीवर, स्थैर्य उतरतं ०.५६ वर, आणि मर्यादा १९ किलोमीटरच्या खाली येते. शिवाय क्वाडवर चालकाला वळणाच्या आतल्या बाजूला अंग झुकवावं लागतं. मागे कोणी बसलं की लेकराला हलायलाच जागा राहत नाही. म्हणून एका माणसाच्या क्वाडवर डबलसीट नाही म्हणजे नाही. मोठ्या माणसाने मागे बसून शिकवणं हा तर सगळ्यात उलटा प्रकार आहे. शिकवायचं ते शेजारी उभं राहून.

वय, माप आणि वेग

मामाजींचा दुसरा मुद्दा अगदी आपल्या घरचा होता. "काहून लहान घ्याची? पोट्टं वाढतंच ना! १२५ ची घेऊ, कॉलेजात जाईपर्यंत पुरते." शाळेचा युनिफॉर्म दोन बोटं मोठा शिवतात, तीच पद्धत. पण सैल शर्टाने कोणी मरत नाही, मोठ्या क्वाडने मरू शकतं. तिथे तडजोड नाही.

पूर्वी अमेरिकेत सीसीवरून वय ठरवत. ७० सीसीच्या आतली ६ ते ११ वर्षांसाठी, ७० ते ९० सीसी १२ ते १५ साठी, आणि ९० च्या वरची १६ नंतर. पुढे लक्षात आलं की सीसीपेक्षा वेग आणि शरीराचं माप महत्त्वाचं. आताचे गट असे आहेत :

६ वर्षांपासून : गाडीचा कमाल वेग ताशी २४ किमी, लिमिटर लावून १६ किमी.

१० आणि १२ वर्षांपासून : कमाल ४८ किमी, लिमिटर लावून २४ किमी. बारा वर्षांच्या गटातली गाडी आकाराने मोठी.

१४ वर्षांपासून : कमाल ६१ किमी, तीही मोठ्यांच्या देखरेखीखाली.

यात लिमिटर हा शब्द महत्त्वाचा आहे. तो थ्रॉटलजवळचा साधा स्क्रू असू शकतो किंवा बॅटरीच्या गाडीत किल्लीचा स्विच. तो नसेल, किंवा मुलालाच फिरवता येत असेल, तर ती गाडी लेकराची नाही.

प्रामाणिकपणे आणखी एक गोष्ट सांगितली पाहिजे. अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेचं म्हणणं आहे की १६ च्या आत एटीव्ही नकोच. म्हणजे वरचे गट 'एवढं केलं की धोका नाही' असं सांगत नाहीत. 'द्यायचीच असेल तर याच्या पुढे जाऊ नका' एवढंच सांगतात. आणि ज्या मुलाला सायकल नीट चालवता येत नाही, ब्रेक कधी दाबायचा हे कळत नाही, किंवा 'थांब' म्हटल्यावर जो थांबत नाही, त्याचं वय कितीही असो, गाडी नको.

माप घ्यायची पद्धत सोपी आहे, टेपची गरज नाही. मुलाला बंद गाडीवर बसवा.

१) पाय फूटरेस्टवर सपाट टेकले पाहिजेत, गुडघे वाकलेले. गुडघा हँडलला लागत असेल तर गाडी लहान.

२) फूटरेस्टवर उभं राहिल्यावर बूड आणि सीट यांच्यात चार बोटं ते वीतभर फट हवी. अजिबात फट पडत नसेल तर गाडी मोठी.

३) हँडल दोन्ही बाजूंना शेवटपर्यंत वळवताना कोपरं थोडी वाकलेलीच राहिली पाहिजेत, अंग पुढे ओढलं जाता कामा नये.

४) मूठ न सोडता अंगठा थ्रॉटलवर आणि बोटं ब्रेकच्या लिव्हरवर पोचली पाहिजेत. नुसती पोचून चालणार नाही, लिव्हर पूर्ण दाबता आली पाहिजे.

चौथी चाचणी सगळ्यात कमी लोक करतात. मोठ्या गाडीचा ब्रेक मोठ्या हातासाठी बनवलेला असतो, दहा वर्षांच्या बोटांत तेवढी ताकद नसते.

थांबायला किती जागा लागते?

ताशी २४ किलोमीटर म्हणजे सेकंदाला ६.७ मीटर. लहान मुलाला धोका दिसून ब्रेक दाबेपर्यंत दीड सेकंद धरा. तेवढ्यात गाडी १० मीटर गेली. मातीवर ब्रेक लागून थांबायला साधारण ६ मीटर. एकूण १६.

वेग दुप्पट करा, ४८ किलोमीटर. प्रतिसादात २० मीटर, ब्रेकमध्ये चौपट म्हणजे २३ च्या आसपास. एकूण ४३ मीटर!

आता आपलं वऱ्हाडातलं वावर आठवा. धुऱ्यापासून विहीर किती दूर असते? आणि जुन्या कित्येक विहिरींना कठडाच नसतो. रिसॉर्टच्या ट्रॅकला बाजूने टायर रचलेले असतात. आपल्या शेतात बाजूला असते ती विहीर, नाला, शेततळं. परदेशी माहितीपुस्तकांत हा धोका सापडत नाही, तो आपला आपणच मोजायचा.

असे आणखी काही आहेत. तूर कापल्यावर राहिलेले खुंट टायर फाडतात आणि पडलेल्या मुलाच्या अंगात घुसतात. पऱ्हाट्यांचंही तेच. उन्हाळ्यात काळ्या जमिनीला भेगा पडतात, लहान चाक त्यात सहज अडकतं. पावसाळ्यात तीच माती चाकाला अशी चिकटते की मडगार्ड जाम होतो. वरुड-मोर्शीकडच्या संत्र्याच्या बगीच्यात खाली आलेल्या फांद्या नेमक्या मुलाच्या तोंडाच्या उंचीवर असतात. जनावरांपासून पीक वाचवायला ओढलेली तार लांबून दिसतच नाही. म्हणून चालवायची जागा ठरलेली आणि आखलेली हवी. 'वावर आपलंच आहे' एवढं पुरेसं नाही.

भरवशाची गाडी म्हणजे कोणती?

आता दुसऱ्या निकषाकडे येऊ. गाडी भरवशाची हवी, असं सगळेच म्हणतात. बहुतेकांच्या मनात त्याचा अर्थ 'एका स्टार्टरमध्ये चालू होणारी' असा असतो. माझ्या मते लेकराच्या गाडीत क्रम असा हवा : थांबवायची म्हटली की थांबली पाहिजे, हे पहिलं. सोडलं की थ्रॉटल बंद झाला पाहिजे, हे दुसरं. चालू होणं तिसरं.

पेट्रोलच्या बहुतेक छोट्या क्वाडमध्ये ११० सीसीच्या आसपासचं आडवं, एअरकूल्ड, चार स्ट्रोकचं इंजिन असतं. त्याची धाटणी १९५८ च्या होंडा सुपर कबपर्यंत मागे जाते. आपल्याकडच्या जुन्या सीडी १०० चं इंजिनही त्याच कुळातलं. त्यामुळे अकोल्यातला किंवा अमरावतीतला जुना मिस्त्री ते इंजिन बघून घाबरत नाही. प्लग, कार्ब्युरेटर, चेन हे जमतं. पंचाईत होते ती टायर, ब्रेक शू, स्टिअरिंगचे बॉल जॉइंट आणि ॲक्सलच्या बेअरिंगची. म्हणून विकत घ्यायच्या आधी या चार वस्तू सुट्या मिळतात का आणि किती दिवसांत, हे विचारा. 'मागवून देऊ' हे उत्तर नव्हे. शक्य असेल तर गाडीसोबतच एक संच घेऊन ठेवा.

क्लच आपोआप लागणारा हवा. हाताचा क्लच आणि गिअर हे पहिल्या गाडीत नको. लेकराचं लक्ष समोर राहू द्या.

टायरबद्दल एक खास सूचना. क्वाडचे टायर अगदी कमी हवेवर चालतात, साधारण दोन ते पाच पीएसआय. आपला पंक्चरवाला सवयीने पंचवीस-तीस भरतो. टायर फुग्यासारखा होतो, गाडी उड्या मारते, आणि टायर फुटूही शकतो. टायरवर लिहिलेला आकडा वाचा आणि कमी दाब मोजणारा गेज घरी ठेवा. डाव्या-उजव्या टायरमध्ये एक पीएसआयचा फरक असला तरी गाडी एका बाजूला ओढते.

पेट्रोल की बॅटरी? नवशिक्या मुलासाठी माझं मत बॅटरीकडे झुकतं. सायलेन्सरचा चटका नाही, पेट्रोलचा डबा घरात नाही, वेगाची मर्यादा कंट्रोलरमध्ये घालता येते, आणि आवाज नसल्याने 'थांब' म्हटलेलं मुलाला ऐकू येतं. पण तोटेही आहेत. मोटरचा टॉर्क शून्य वेगालाच पूर्ण मिळतो, म्हणून थ्रॉटल दाबताच झटका बसतो. कंट्रोलर हळूहळू वेग वाढवणारा हवा. दुसरं म्हणजे आपला उन्हाळा. अकोल्याच्या मे महिन्यात बॅटरीचं आयुष्य झपाट्याने घटतं. टिनाच्या शेडमध्ये गाडी ठेवायची नाही, चालवून आल्याबरोबर चार्जिंगला लावायची नाही, आणि चार्जिंगला लावून झोपायचं नाही.

बाहाची तपासणी, लेकराच्या गाडीला

सगळ्यात जास्त उपयोगी पडली ती आपल्या बाहा टीमची सवय. तिथे सर्व संघांची इंजिनं एकसारखी, जवळपास १० अश्वशक्तीची. जिंकणं-हरणं नंतरचं, आधी तांत्रिक तपासणीतून पास व्हावं लागतं. ब्रेक दाबल्यावर चारही चाकं लॉक झाली पाहिजेत. किल स्विच दोन, एक चालकाजवळ आणि एक बाहेर. चालक पाच सेकंदांत गाडीबाहेर आला पाहिजे. वीस वर्षांच्या, हेल्मेट घातलेल्या, पट्ट्यांनी बांधलेल्या पोरासाठी आपण एवढं करतो. मग दहा वर्षांच्या लेकराच्या गाडीची तपासणी दुकानातल्या रंगीत स्टिकरवर का सोडायची?

मामाजींसोबत मी दोन ठिकाणी गाड्या बघायला गेलो. पहिल्या दुकानात १२५ सीसीची लाल क्वाड होती, दिसायला एकदम झकास. भाऊ तर तिला चिकटलाच. हँडल सरळ असताना थ्रॉटल व्यवस्थित परत येत होता. हँडल पूर्ण डावीकडे वळवून अंगठा सोडला, तर थ्रॉटल अर्ध्यावर अडकला. केबल ताणली जात होती. दुकानदार म्हणाला, "वापरता वापरता मोकळा होईल." मामाजींनी माझ्याकडे पाहिलं. मी म्हणालो, "मामाजी, हा वळणावर अडकला तर लेकरू ब्रेक दाबेल की रडेल?" ते काही बोलले नाहीत, चपला घातल्या आणि बाहेर आले.

नंतर घेतली ती छोटी, बॅटरीची, दोन वेगांची किल्ली असलेली. पण तीही लगेच नाही. त्याआधी मामाजींनी वावरातल्या विहिरीला छातीएवढा कठडा बांधून घेतला. खळ्याची जुनी जागा साफ केली, खुंट उपटले, कडेने जुने टायर पुरले. यात उन्हाळा गेला. भाऊ महिनाभर माझ्याशी बोलला नाही, 'दादाने मोठी गाडी कॅन्सल केली' म्हणून. मामी मात्र म्हणाल्या, "गाडी राहो बाजूला, त्या इहिरीले कठडा झाला हेच मोठं काम झालं." त्या विहिरीवरून वीस वर्षं रोज बायामाणसं, जनावरं जात होती.

खरेदीच्या दिवशी काय तपासाल?

हे कात्रण करून ठेवलं तरी चालेल.

१. मुलाला सोबत न्या. माप त्याचं घ्यायचं आहे, तुमचं नाही.

२. थ्रॉटल अंगठ्याचा हवा, मुठीचा नको. धक्का बसून मूल मागे गेलं की मूठ आपोआप पिळली जाते आणि वेग वाढतो.

३. हँडल डावीकडे, मध्ये, उजवीकडे ठेवून तीनदा थ्रॉटल सोडून बघा. दर वेळी खटकन बंद झाला पाहिजे.

४. ब्रेक मुलालाच दाबायला सांगा आणि तुम्ही गाडी ढकला. हलली तर नको.

५. दोरीचा किल स्विच हवा. एक टोक गाडीला, दुसरं मुलाच्या मनगटाला किंवा जॅकेटला. मूल पडलं की इंजिन बंद. रिमोटने बंद होणारी असेल तर आणखी चांगलं, पण रिमोट आहे म्हणून दोरी सोडायची नाही.

६. ब्रेक दाबल्याशिवाय गाडी चालू होता कामा नये. पार्किंग ब्रेक हवा.

७. चेन आणि स्प्रॉकेट झाकलेले हवेत. फूटरेस्टखाली पाय घसरून मागच्या चाकात जाणार नाही अशी पट्टी हवी.

८. पुढचं चाक दोन्ही हातांनी धरून हलवा. खडखड झाली तर बॉल जॉइंट किंवा बेअरिंग सैल.

९. लिमिटर कुठे आहे ते विक्रेत्याकडून दाखवून घ्या आणि किमान पहिले सहा महिने तो सर्वांत कमीवर ठेवा.

१०. बजेटचा किमान चौथा हिस्सा हेल्मेट, गॉगल, हातमोजे, घोट्यापर्यंतचे बूट, पूर्ण बाह्यांचे कपडे आणि सुट्या भागांसाठी बाजूला काढा. हेल्मेटवर आयएसआयची खूण हवी आणि ते मुलाच्या मापाचं हवं. बाबांचं हेल्मेट मुलाच्या डोक्यावर गरगर फिरत असेल तर ते हेल्मेट नाही, टोपलं आहे.

आणि घरी आल्यावर चार नियम : एका वेळी एकच जण; मोठं माणूस हजर असेल तेव्हाच; आखलेल्या जागेतच; आणि किल्ली मोठ्यांच्या खिशात. पहिला आठवडा फक्त चालू करणं, दहा पावलं जाणं आणि थांबणं एवढंच शिकवा. थांबता यायला लागलं की मग वळण.

शेवटी एवढंच

मित्रांनो, हे वाचून 'मग घ्यायचीच कशाला?' असं कोणाला वाटलं तर तेही उत्तर चुकीचं नाही. ज्या घराजवळ मोकळी, बंदिस्त, धोका काढून टाकलेली जागा नाही, त्या घराने क्वाड घेऊ नये. अमरावतीच्या कॉलनीत राहणाऱ्या मुलाला चांगली सायकल, आणि सुट्टीत एखाद्या देखरेखीच्या ट्रॅकवर तासभर गाडी, हे पुष्कळ झालं. ज्यांच्याकडे जागा आहे, वेळ आहे आणि शेजारी उभं राहायची तयारी आहे, त्यांच्या लेकराला या गाडीवर यंत्राची समज येते, ब्रेकचा अंदाज येतो. अठराव्या वर्षी तो खऱ्या रस्त्यावर उतरेल तेव्हा हे कामी येईल.

आपण चार वर्षं फॅक्टर ऑफ सेफ्टी काढत बसतो. पेपरात दोन किंवा तीन धरतो आणि पुढच्या प्रश्नाकडे जातो. गावाकडून फोन आला आणि कोणी विचारलं, "तू इंजिनेर हायेस ना, सांग कोणती घेऊ?" तर किती सीसी हे सांगायच्या आधी तीन प्रश्न विचारा : चालवणार कुठे, थांबणार कशी, आणि शेजारी उभं कोण राहणार? या तिन्हींची उत्तरं मिळाली की गाडी निवडायला फार वेळ लागत नाही.